आत्याबाई चुकून ब्लीच प्यायल्या, आता काय करू? लवकर सांगा

पेठेतली_सून, रात्री ९.२०

कुणी डॉक्टर नर्स असेल तर लगेच सांगा प्लीज. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. आत्ता अर्ध्या तासापूर्वी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, वय ६८, पाणी समजून ब्लीच प्यायल्यात. कपडे पांढरे करायचं ब्लीच, दारावर फिनेल ॲसिड विकायला गाडीवाला येतोय त्याच्याकडनं मी परवा सुट्टं घेतलेलं, त्यानं ते पाण्याच्या एक लिटरच्या जुन्या बाटलीत भरून दिलं, सकाळी मामंजींचे सदरे भिजवायला काढलं आणि बाटली तशीच ओट्यावर राहिली, माझीच चूक. त्या जेवायच्या आधीची शुगरची गोळी घ्यायला उठल्या, लाईट न लावता बाटली उचलली आणि तोंडाला लावली. दोन दिवस सर्दीनं नाक चोंदलंय त्यामुळं वास पण कळला नाही. दोन घोट पोटात गेले म्हणतात, तिसरा थुंकला.

शेजारच्या काकूंनी मिठाचं पाणी पाजायला लावलं, त्यानं एकदा उलटी झाली. आता जाऊबाई लिंबू सरबत करालीय, लिंबानं उतरतंय म्हणे, आणि एक जण तूप द्या म्हणालाय. आत्याबाई शुद्धीवर आहेत, बोलालेत, पण घशात जळजळ, छातीत मधोमध आग आणि आवाज जरा बसल्यागत झालाय. ह्यांना फोन केलाय, ते इचलकरंजीला कामावर आहेत, यायला तास तरी लागेल. मामंजी म्हणतात सकाळी बघू, दवाखान्यात नेलं की पोलीस केस होतीय. मला काय करू कळेना झालंय.


सिस्टर_राजारामपुरी, रात्री ९.२६

ताई, सरबत आधी बाजूला ठेवा, एक चमचा पण देऊ नका. आणि परत उलटी काढू नका, काकूंना सांगा सिस्टरनं सांगितलंय म्हणून. ब्लीच जाताना अन्ननलिका भाजतंय तसंच उलटीवाटे वर येताना परत भाजतंय, आणि त्यातलं थोडं जरी श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाचं नवीन दुखणं. ब्लीचमध्ये आंबट काही पडलं की क्लोरीन वायू सुटतो, म्हणून लिंबू नाही, चिंच नाही, व्हिनेगर नाही. मिठाच्या पाण्यानं वयस्कर माणसाच्या रक्तातलं सोडियम वाढतं, ते एकदा झालं ते झालं, आता नको. तूप पण नको.

आता हे करा. कवळी असेल तर पहिली काढा, कवळीखाली ते साठून राहतं आणि हिरडी भाजत बसते. साध्या पाण्यानं पाचसहा वेळा चूळ भरून थुंकू दे. ओठ, हनुवटी, गळा धुवा, अंगावर सांडलं असेल तर लुगडं बदला. पाणी गिळताना दुखत नसेल आणि खोकला नसेल तरच अर्धी वाटी पाणी किंवा थंड दूध घोट घोट द्या, बास, तांब्याभर पाजायचं नाही, जास्त झालं की परत उलटी. गिळताना दुखतंय म्हणाल्या तर तेही नको. आडवं झोपवू नका, पाठीला उशी लावून बसवा.

आणि सकाळची वाट बघू नका, आत्ता न्या. एकदोन घोट दुकानातलं साधं ब्लीच गेलं आणि नंतर काहीच त्रास नसेल तर बहुतेक वेळा घसा जळजळून, मळमळून थांबतंय. पण तुमचं सुट्टं आहे, त्याची ताकद कुणाला माहीत, आणि तुम्ही आवाज बसला लिहिलंय ते मला आवडलं नाही, घशात सूज येत असली की आवाज बदलतो. श्वास घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, लाळ गिळता न येणं, उलटीत रक्त, ग्लानी, ह्यातलं एक जरी दिसलं तर रिक्षा शोधत बसू नका, १०८ लावा. तोंडात फोड दिसत नाहीत म्हणून बरं आहे असं पण धरू नका, तोंड चांगलं आणि आत अन्ननलिका भाजलेली असे पेशंट मी बघितलेत.

शुगरची गोळी घेतलीय आणि जेवल्या नाहीत, हे डॉक्टरना आत शिरल्या शिरल्या सांगा. तिथं तोंडानं काही देणार नाहीत आणि शुगर खाली जाईल. बाटली झाकण घट्ट लावून पिशवीत घालून सोबत न्या. पोलिसांचं म्हणाल तर विषबाधा म्हटली की एमएलसी, म्हणजे दवाखान्यानं पोलिसांना कळवायची नोंद, होतेच, एक जबाब लिहून घेतात, चुकून झालं ते खरं खरं सांगायचं, त्यात भिण्यासारखं काही नाही. ह्या भीतीनं लोक रात्र काढतात आणि सकाळी पेशंट बिघडलेला घेऊन येतात. सीपीआरचा, म्हणजे आपल्या मोठ्या सरकारी दवाखान्याचा, अपघात विभाग रात्रभर चालू असतो. वाटेत कुणाला तरी १८०० ११६ ११७ लावायला सांगा, दिल्लीच्या एम्समधलं विष माहिती केंद्र आहे ते, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत.


तिकटीवरचा_गडी, रात्री ९.२९

ताई मी मिरजकर तिकटीला उभा हाय, चारचाकी हाय माझ्याकडं. गल्ली सांगा मेसेजमध्ये, पाच मिनिटात येतो.


पेठेतली_सून, रात्री ९.३४

कवळी होतीच. काढली तर खालची हिरडी पांढरी पडलीय. चुळा भरवल्या. निघतोय आता, दादा मेसेज केलाय तुम्हाला.


रसायनवाले_सर, रात्री १०.०५

सिस्टरनी सगळं बरोबर सांगितलंय. पोहोचलात की कळवा. आम्ही सगळे जागे आहोत.


पेठेतली_सून, दुसऱ्या दिवशी दुपारी ४.१०

सगळ्यांना आधी सांगते, आत्याबाई बऱ्या आहेत, अजून दवाखान्यातच आहेत. रात्री फोन बघायलाच झालं नाही. तिकटीवरचे दादा खरंच पाच मिनिटात आले, रात्री एक वाजेपर्यंत थांबले आणि पेट्रोलचे पैसे पण घेतले नाहीत, त्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही.

काय काय झालं ते सविस्तर लिहिते म्हणजे कुणाला तरी उपयोग होईल. गेल्या गेल्या बोटाला ते क्लिपसारखं लावून ऑक्सिजन बघितला, तो ९६ होता. बॅटरीनं घसा बघितला. मी शुगरच्या गोळीचं सांगितलं तसं लगेच बोटातनं रक्त काढलं तर शुगर ७२, आणि त्यांना हाताला कापरं भरायला लागलेलं ते आम्ही भीतीनं समजत होतो. लगेच ग्लुकोज चालू केलं. सिस्टर, तुम्ही ते लिहिलं नसतं तर माझ्या डोक्यात पण आलं नसतं.

मी डॉक्टरना विचारलं की नाकातनं नळी घालून पोट धुणार काय, कारण आमच्या गल्लीत एकाला औषध प्यायल्यावर तसं केलेलं बघितलंय. ते म्हणाले की भाजणाऱ्या वस्तूला पोट धुवायचं नसतं, आणि विष शोषायला देतात ती कोळशाची पावडर पण इथं कामाची नाही, तिचा उपयोग होत नाही आणि उलट दुर्बिणीत काही दिसत नाही. ह्यावर उतारा असं औषध नाही, सूज, श्वास आणि दुखणं सांभाळायचं एवढंच. छातीचा एक्स-रे काढला, उलटी झालेली म्हणून. रात्रभर दर तासाला येऊन गिळायला लावून बघत होते. सकाळी पण गिळताना दुखत होतं म्हणून दुर्बीण घातली, अन्ननलिका लाल झालीय, सुजलीय, पण जखम नाही. आवाज आज जरा मोकळा वाटतोय. उद्या सोडतील. महिन्याभरात घास अडकायला लागला, छातीत जेवण थांबल्यासारखं झालं, तर अंगावर काढायचं नाही, लगेच यायचं, भाजलेली जागा आक्रसून नळी अरुंद होऊ शकते असं सांगितलंय.

पोलीस मावशी आलेल्या, दहा ओळी लिहून घेतल्या, आत्याबाईंची सही घेतली आणि उलट धीर देऊन गेल्या. मामंजी रात्रभर बाकावर बसून होते.

आज कपडे न्यायला घरी आले तर रात्रीचं हिरवं लुगडं मोरीत पडलेलं. पदरावर जिथं तिसरा घोट थुंकला तिथं बशीएवढा डाग, हिरवा रंगच गेलाय, पिवळट पांढरं झालंय. त्या बशीएवढ्या डागाकडं बघत किती वेळ उभी होते. हे त्यांच्या घशातनं गेलंय.


इचलकरंजी_प्रोसेस, संध्याकाळी ५.४५

ताई, वाचून बरं वाटलं. मी १४ वर्षं कापडाच्या प्रोसेसमध्ये काम करतोय, त्या सुट्ट्या मालाबद्दल जरा सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. दुकानातल्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराईट साधारण ४-५ टक्के असतंय. आमच्याकडं कॅनमधनं जो हायपो येतो तो १०-१२ टक्क्यांचा. आता दारावरचा माणूस तोच कॅन घेऊन त्यात किती पाणी घालतोय हे त्याच्या अंदाजावर, कधी निम्मं निम्मं, कधी घाई असली की कमीच. म्हणजे दोन घोट म्हणताना ते दुकानातल्या मालाचे दोन की चार, हे सांगता येत नाही. सिस्टर म्हणाल्या ताकद माहीत नाही ते अगदी खरं.

दुसरं म्हणजे हा माल उन्हात, उजेडात उतरत जातो आणि उतरताना आत वायू धरतो. म्हणून आमच्या कॅनच्या झाकणाला बारीक भोक असतं. पाण्याच्या बाटलीला ते नसतंय. तुमची बाटली बुडाशी फुगलेली होती का बघा, बहुतेक असणार. अशी बाटली उघडताना तोंडावर फसकन उडतं.

माझ्या डोळ्यात असं उडालेलं एकदा, गॉगल कपाळावर होता. मुकादमानं मान धरून नळाखाली नेलं आणि घड्याळ लावून २० मिनिटं पाणी सोडलं, मी ओरडतोय बास बास तरी सोडलं नाही, पापणी बोटानं उघडून धरलेली. नंतर डोळ्याच्या डॉक्टरनी सांगितलं की त्या २० मिनिटांनी डोळा वाचला, थेंब घालायला आधी माझ्याकडं पळत आला असता तर उशीर झाला असता. तेव्हा डोळ्यात गेलं तर चोळायचं नाही, दूध, गुलाबपाणी, थेंब काही घालायचं नाही. नळ. पंधरावीस मिनिटं, नाकाकडनं कानाकडं वाहील असं, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जात नाही. मग दवाखाना.


कुंभार_गल्ली, संध्याकाळी ६.३०

प्यायल्याचं झालं, पण वासाचं पण लिहितो, कारण आमच्या घरात झालंय आणि पाऊस आला की मला तेच आठवतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या शाहूपुरी कुंभार गल्लीत घरात गळ्याएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखल काढला, मग टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मिळाली ती सगळीकडं टाकली, भिंतीच्या कडेला, मोरीत, संडासात. भाऊ आत बाथरूम घासत होता. फरशीचा राप निघेना म्हणून त्यानं त्याच पावडरवर ॲसिडची बाटली ओतली, दार लावलेलं, खिडकी वर एवढीशी. आत फसफसलं आणि पिवळट धूर झाला म्हणतो. डोळ्यातनं पाणी, ढास लागली, बाहेर येऊन पायरीवर बसला. अर्ध्या तासानं बरं वाटलं, चहा प्याला, जेवला पण. आम्ही म्हटलं गेलं. रात्री तीनला उठवलं त्यानं, बसून धापा टाकतोय, आडवं होता येईना, ओठ निळसर. तेव्हा रस्त्यात अजून चिखल, ॲम्ब्युलन्स कोपऱ्यापर्यंतच आली, तिथपर्यंत खुर्चीत बसवून नेला. ऑक्सिजन, नेब्युलायझर, चार दिवस ॲडमिट. डॉक्टर म्हणाले फुफ्फुसात पाणी धरायला लागलेलं, हा वायू असाच आहे, आधी बरं वाटतं आणि काही तासांनी उलटतो.

मला अजून एक वाटतं की ढास लागली तेव्हाच न्यायला पाहिजे होतं. कुणाच्या घरात झालं तर एक दिवस तरी त्या माणसाला एकटं सोडू नका, जिना चढायला, काम करायला लावू नका, आणि दम्याचा माणूस असेल तर तासभर पण थांबू नका.


रसायनवाले_सर, संध्याकाळी ७.१५

कुंभार गल्लीच्या दादांनी लिहिलंय ते मी दरवर्षी नववीच्या वर्गात सांगतो. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, त्यात कॅल्शियम हायपोक्लोराईट. ब्लीचच्या पाण्यात सोडियम हायपोक्लोराईट. दोन्हीवर ॲसिड पडलं की क्लोरीन मोकळा होतो. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीच्या मागं वाचा, बऱ्याचशांवर हायड्रोक्लोरिक ॲसिड लिहिलेलं सापडेल. म्हणजे आधी संडासात टॉयलेट क्लीनर टाकला आणि वरनं ब्लीच ओतलं तरी तेच होणार, त्याला ॲसिडची वेगळी बाटली लागत नाही. काच पुसायच्या काही लिक्विडमध्ये अमोनिया असतो, त्याच्याबरोबर ब्लीच मिसळलं तर क्लोरामाईन तयार होतात, ती पण श्वासाला तितकीच वाईट. पहिल्या महायुद्धात १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सिलिंडरमधनं जो सोडला तो हाच क्लोरीन, आणि खंदकात बसलेली माणसं जास्त मेली, कारण हा वायू हवेपेक्षा जवळजवळ अडीच पट जड आहे, खाली उतरून साठतो. बाथरूममध्ये उकिडवं बसून फरशी घासणारी बाई, रांगणारं पोर, ह्यांच्या नाकाशीच तो असतो. म्हणून वास आला की खाली वाकून पुसत बसू नका, बाहेर या, उंचावर या, दारं खिडक्या उघडा, कपड्यावर उडालं असेल तर बाहेर येऊन काढून टाका. आत कुणी पडलं असेल तर श्वास रोखून ओढून बाहेर काढता येत असेल तरच आत जा, नाहीतर अग्निशमनला बोलवा, वाचवायला गेलेला दुसरा माणूस पडतो.


आई_उचगाव, रात्री ८.०५

हे सगळं वाचून पोटात गोळा आला. दोन प्रश्न आहेत. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, फरशी पुसायच्या बादलीत मी ब्लीचचं एक टोपण टाकते, त्यानं त्यात हात घालून तोंडात घातला तर? आणि पावसाळ्यात आशाताई पाण्यात टाकायला क्लोरीनचे ड्रॉप देतात ते पण हेच असेल तर मग ते प्यायचं कसं?


रसायनवाले_सर, रात्री ८.२०

ड्रॉपचं मी सांगतो. वस्तू तीच, प्रमाणात जमीनअस्मानाचा फरक. पिण्याच्या पाण्यात लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिला तरी पुरतो. ५ टक्के ब्लीच म्हणजे लिटरला ५०,००० मिलिग्रॅम. एक लाख पट. ड्रॉप टाकलेलं पाणी अर्धा तास झाकून ठेवा आणि बिनधास्त प्या, पूर आला की तर नक्की टाका. पण ड्रॉपची बाटली फडताळात वर ठेवा, ती पोरानं तोंडाला लावली तर तो ब्लीचचाच प्रकार.


सिस्टर_राजारामपुरी, रात्री ९.००

ड्युटीवरनं आत्ता आले. उचगावच्या ताई, बादलीभर पाण्यातल्या एका टोपणाला हात लावून चोखला तर तोंड ओल्या फडक्यानं पुसा, हात धुवा, दोन घोट पाणी द्या आणि लक्ष ठेवा, घाबरून उलटी काढू नका. पण लहान पोरं सांगू शकत नाहीत, त्यांच्या वागण्यावरनं ओळखायचं. लाळ नेहमीपेक्षा जास्त गळायला लागली, आवडीचं दूध पण तोंडाजवळ नेलं की मान फिरवतंय, सतत खोकतंय, रडताना आवाज घोगरा येतोय, ओठ सुजलेत, तर तसंच उचलून दवाखाना. आणि मूळ बाटलीतलं प्यायलं असेल तर त्रास असो नसो, विष केंद्राला फोन करा आणि दाखवून आणा.

पेठेतल्या ताई, तुमच्या आत्याबाईंचं वाचून आत्ता कुठं जीव भांड्यात पडला माझा. तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका, कवळी काढली, गोळीचं सांगितलं, बाटली नेली, सगळं तुम्हीच केलंत.


पेठेतली_सून, रात्री ९.४०

इचलकरंजीचे दादा, बाटली खरंच बुडाशी फुगलेली होती, मी ती सकाळी हातात घेतलेली तेव्हाच जाणवलेलं पण काय ते कळलं नव्हतं. डॉक्टरनी ती ट्यूबलाईटसमोर धरली तेव्हा दिसलं, आत किंचित पिवळसर हिरवं पाणी आणि बाहेर पाण्याचंच लेबल. अंधारात काय दिसणार.

बाटली परत दिलीय त्यांनी, अजून पाऊण भरलेली आहे. ती टाकू कुठं? मोरीत जाऊबाईनं सकाळी ॲसिड टाकलंय.


रसायनवाले_सर, रात्री ९.४८

मग आज मोरीत अजिबात नको. उद्या सकाळी मोरीत पाचसहा बादल्या पाणी सोडा, ॲसिड वाहून जाऊ दे, मग नळ चालू ठेवून, खिडकी उघडून, तोंड लांब ठेवून थोडं थोडं ओता. झाकण हळू फिरवा, आतला वायू निघू दे. नंतर बाटली विसळून मधोमध कापा, तशीच कचऱ्यात टाकली तर कुणीतरी उचलून पाणी भरेल.


पेठेतली_सून, रात्री ९.५५

तसंच करते. आणि सिस्टर, आत्याबाई आत्ताच विचारालेत, उद्या घरी आल्यावर ताकभात चालेल काय म्हणून.


सिस्टर_राजारामपुरी, रात्री १०.०२

ताक आठ दिवस थांबू दे, आंबट आहे. गुरगुट्या भात दुधात कालवून, गार करून द्या, तिखट नको, आणि चहा कोमट. कवळी हिरडी भरेपर्यंत घालू नका म्हणावं.